शंकर नाग कसा बघावा : कानडी न येणाऱ्यांसाठी सहा शनिवार

गडहिंग्लजात आमचं एक छोटं सिनेमा मंडळ आहे. नाव नाही, नोंदणी नाही. मी हायस्कूलचा निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यामुळे पडदा सरळ लागला आहे की नाही हे बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मित्राच्या रिकाम्या गोदामात पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, सतरंज्या, मागे गुडघेदुखीवाल्यांसाठी दहा खुर्च्या. मध्यंतराला भडंग आणि चहा.

या मंडळात मी शंकर नाग, म्हणजे कन्नड सिनेमाचा नट आणि दिग्दर्शक, दोनदा दाखवला. पहिल्या वेळी साफ आपटलो, दुसऱ्या वेळी जमलं. तुमच्या गावात, घरात किंवा एकट्याने लॅपटॉपवर हा माणूस बघायचा असेल, तर माझ्या चुकीपासूनच सुरुवात करू.

चूक अशी झाली. मी पुस्तकी माणूस. याचा सर्वांत नावाजलेला सिनेमा कुठला ते शोधलं, तर निघाला ‘ओंदानोंदु कालदल्ली’. 1978 चा, गिरीश कार्नाडांनी दिग्दर्शित केलेला. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात शंकर नागला याच भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. झालं, पहिल्याच शनिवारी तोच लावला. सबटायटल नव्हती. आमच्याकडे निम्म्या घरांतल्या आज्या संकेश्वर-हुक्केरीकडच्या, त्यामुळे कानडी कळेल असं मी गृहीत धरलं. आज्यांना कळली असती, पण आज्या आल्या नव्हत्या. आलेल्यांची गत तुकोबांच्या अभंगातल्या कानडी बायको नि मराठी नवऱ्यासारखी झाली. अठ्ठावीस जण आले होते, चहानंतर अकरा उरले. त्यातले दोघे झोपलेले.

तर पहिला नियम : पुरस्कारापासून सुरू करू नका, रस्त्यावरून सुरू करा. हा नट बेंगळुरूच्या रिक्षांच्या पाठीवर राहतो. तिथून आत गेलात तर तो भेटतो. महोत्सवाच्या दारातून गेलात तर फक्त त्याचा फोटो भेटतो.

तयारीला एक आठवडा धरा. त्यातला पहिला त्रास शोधण्याचा. इंग्रजी स्पेलिंगने शोधलंत तर भलतंच हाती लागतं. ‘ऑटो राजा’ म्हणून शोधलं की त्याच नावाचा तमिळ सिनेमा येतो, शिवाय 2013 चा नवा कन्नड सिनेमाही. ‘गीता’ शोधलं की 2019 ची ‘गीता’. गंमत म्हणजे या दोन्ही नव्या सिनेमांत नट एकच, गणेश. म्हणून नावापुढे साल टाकायचं : ऑटो राजा 1980, गीता 1981. याहून बरा उपाय म्हणजे फोनमध्ये कन्नड कीबोर्ड टाकून घ्या, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की तो कन्नड लिपी करून देतो. त्या लिपीत शोधलं की जुन्या, चांगल्या प्रती वर येतात.

दुसरा त्रास सबटायटलचा. आधी स्वतः दहा मिनिटं चालवून बघा. पात्राचं बोलून झाल्यावर ओळ येत असेल, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळा आहेत. एकीने सबटायटल अलीकडे येतात, दुसरीने पलीकडे जातात. मला हे आमच्या मंडळातल्या एका पोराने दाखवलं, नाहीतर मी सिनेमाच नादुरुस्त समजत होतो. सबटायटल मिळालीच नाहीत, तर कथानक आधी पाच वाक्यांत सांगून टाका. कथा फुटते म्हणून कुणी रागावत नाही. न कळल्यावर मात्र रागावतात.

थोडी कानडीही लागते, पण फार नाही. अण्णा, अक्का, अप्पा हे आपल्या घरातलेच. एनु म्हणजे काय, यारु म्हणजे कोण, बेडा म्हणजे नको, गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही, दुड्डु म्हणजे पैसे. मी हे शब्द फळ्यावर लिहून ठेवतो. तिसऱ्या शनिवारपर्यंत लोक चहावाल्याला ‘बेडा’ म्हणायला लागतात.

आणि माणसाची ओळख. ती पाच मिनिटांत उरका, पण मराठी धागा पकडून. शंकर नागचं घराणं नागरकट्टे, चित्रापूर सारस्वत, घरची भाषा कोकणी. जन्म 9 नोव्हेंबर 1954, उत्तर कन्नड जिल्ह्यात होन्नावरकडचा. शिक्षण झाल्यावर मुंबईत आला आणि तिथे मराठी नाटकांच्या नादी लागला. पुढे त्याची बायको झालेल्या अरुंधती त्याला तिथेच, नाटकाच्या वर्तुळात भेटल्या. चाफेकर बंधूंवरच्या ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात शंकर नागचा हात होता, हे सांगितलं की गोदामात कुजबुज होतेच. थोरला भाऊ अनंत नाग, ‘अंकुर’मधला जमीनदाराचा मुलगा, हे सांगितलं की पन्नाशीच्या पुढचे सगळे सरसावून बसतात. पुढे बेंगळुरूत ‘संकेत’ या नाट्यसंस्थेतून शंकरने जयवंत दळवींची ‘संध्याछाया’ आणि ‘बॅरिस्टर’ कन्नडमध्ये उभी केली. एवढं पुरे. याहून जास्त सांगू नका, नाहीतर शनिवारचं व्याख्यान होतं.

आता शनिवार.

पहिल्या शनिवारी ‘मालगुडी डेज’चे स्वामीचे तीन भाग. हिंदीत आहेत, त्यामुळे भाषेची भीती जाते. एल. वैद्यनाथनांची ती सुरावट सुरू झाली की चाळिशीच्या पुढचं गोदाम आपोआप गुणगुणायला लागतं, तेव्हा आवाज कमी करू नका. सुरुवातीची चित्रं आर. के. लक्ष्मणांची आहेत, म्हणजे मूळ कथांचे लेखक आर. के. नारायण यांच्या सख्ख्या भावाची. मी चित्रकलेचा मास्तर, माझी तिथेच पाच मिनिटं जातात. स्वामी झालेला मंजुनाथ, वडील झालेले गिरीश कार्नाड, हे सगळ्यांना आठवतं. दिग्दर्शक कोण, हे कुणालाच आठवत नाही. म्हणून भाग संपल्यावर विचारा. उत्तर आलं नाही की सांगा, शंकर नाग, आणि तेव्हा तो तिशी ओलांडून दोन वर्षांचा होता. मग काय बघायचं ते सांगून पुन्हा एक भाग लावा. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा बघा, दुपारचं ऊन बघा, कुणी काही बोलत नसताना तो किती वेळ थांबतो ते बघा. घाईचा माणूस म्हणून तो प्रसिद्ध होता, आणि पडद्यावर मात्र एवढी सवड. मला तरी याचं कोडं सुटलेलं नाही.

दुसरा शनिवार ‘ऑटो राजा’. यावर मंडळातल्या जाणकारांनी नाक मुरडलं. मुरडू दे. हा 1980 चा, राजन-नागेंद्र यांच्या संगीताचा सरळसोट धंदेवाईक सिनेमा आहे. रिक्षावाला नायक, गायत्री नायिका (पुढे याच गायत्री अनंत नागच्या पत्नी झाल्या), मारामाऱ्या, बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजातलं गुलाबावरचं ते गाणं. कथेत शोधण्यासारखं फार नाही. शोधायचं ते त्याच्या अंगात. तो देखणा नाही, हे आधी मान्य करा. लुकडा, गाल आत गेलेले, केस कपाळावर, आवाज जरा घशातला. आणि खाकी सदरा घातला की तो नट वाटतच नाही. स्टँडवर उभा असलेल्या दहा जणांतला अकरावा वाटतो. मोठ्या नायकाने रिक्षावाला केला की तो रिक्षावाल्यावर उपकार करतोय असं दिसतं. इथे तसं दिसत नाही.

हे मला सिनेमा बघून नाही, रिक्षात बसून कळलं. मुलगी बेंगळुरूला नोकरीला होती तेव्हाची गोष्ट. जयनगरहून रिक्षा केली. समोरच्या काचेवर कन्नड नट राजकुमारांचा फोटो, त्याला तर आपण ओळखतो. पाठीमागे मात्र दाढीवाल्या तरुणाचं स्टिकर. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, हे कोण, तुमचे भाऊ का? ड्रायव्हर पंचविशीचा, म्हणजे शंकर नाग गेला तेव्हा जन्मलाही नसेल. त्याने रिक्षा सिग्नलला थांबवून मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी विठोबाचा फोटो बघून हे कोण विचारलं असावं. ‘शंक्रण्णा,’ तो म्हणाला. मग उतरेपर्यंत तो बोलत होता आणि मला त्यातलं निम्मं कळत होतं. 9 नोव्हेंबरला स्टँडवर वाढदिवस करतात, फोटोला हार घालतात, आदल्याच आठवड्यात कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागलेले असतात ते तसेच ठेवतात. मीटर बावन्न रुपये झालं होतं. पन्नास घेतले. बेंगळुरूचे रिक्षावाले माहीत असलेल्यांना यातलं नवल समजेल.

तेव्हा ‘ऑटो राजा’ वगळू नका. ज्या जाणकारांनी वगळला, त्यांना ते स्टिकर कधीच वाचता येणार नाही.

तिसऱ्या शनिवारी ‘मिंचिन ओट’, म्हणजे विजेची धाव. 1980 चा, त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला. गाड्या चोरणारे तिघे, अनंत, शंकर आणि लोकनाथ, मग तुरुंग आणि तुरुंगातून पळणं. इथे दोघे भाऊ एका चौकटीत आहेत, त्यामुळे एक खेळ करता येतो. अर्ध्या लोकांना सांगा, तुम्ही फक्त अनंतकडे बघा. अर्ध्यांना सांगा, तुम्ही शंकरकडे. मध्यंतरात दोन्ही गट भांडतात. अनंत नाग अभिनय करतो, आणि फार सुरेख करतो. शंकर त्या जागेवर येऊन उभा राहतो आणि त्याचं अर्धं लक्ष कॅमेरा कुठे आहे याकडे असतं. काहींना हे उणं वाटतं. मला ते आवडतं, कारण पडद्यावरच्या माणसाच्या डोक्यात पुढचा शॉट चाललेला दिसतो.

चौथा शनिवार मी गाण्यांना देतो आणि लवकर सोडतो. ‘गीता’मधली इळैयराजांची दोनतीन गाणी लावा. सायकलवरचं युगुलगीत सुरू झालं की कुणीतरी ओरडतोच, अरे हे तर हिंदीतलं! बरोबर. पुढे ‘चीनी कम’मध्ये तीच चाल आली. ‘गीता’त नायिका अक्षता राव, म्हणजे अरुंधती नाग यांची बहीण. नंतर ‘सांग्लियाना’तला एखादा तुकडा. एच. टी. सांग्लियाना नावाच्या खऱ्या पोलीस अधिकाऱ्यावरून बेतलेला, 1988 चा. लोकांनी त्याला ‘कराटे किंग’ म्हटलं ते असल्या सिनेमांमुळे. एक तुकडा पुरे. बारा वर्षांत ऐंशीच्या वर सिनेमे केलेल्या माणसाचे सगळे सिनेमे चांगले असतील अशी अपेक्षा करायची नाही, आणि खरं सांगतो, त्यातले बरेच मला बघवले नाहीत.

पण ते का केले, हे याच शनिवारी सांगावं लागतं. या मारधाडीच्या पैशावर त्याने नाटक चालवलं, स्वतःचे सिनेमे काढले, आणि बेंगळुरूत ‘संकेत’ नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ उभा केला. त्याआधी कन्नड सिनेमावाल्यांना आवाजाच्या कामासाठी मद्रासला धावावं लागे. आपल्याकडे कोल्हापूरचे स्टुडिओ ओस पडले आणि सगळं मुंबईला गेलं, हे आम्ही डोळ्यांदेखत पाहिलंय. त्यामुळे आपल्या गावातच काम व्हावं हा त्याचा हट्ट गडहिंग्लजकरांना समजावून सांगावा लागला नाही.

पाचवा शनिवार ‘ॲक्सिडेंट’. याची वेगळी काळजी घ्या. गाणी नाहीत, मध्यंतराला चहा लांबवू नका. पुढाऱ्याचा मुलगा नशेत गाडी चालवून फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडतो, आणि मग सगळी यंत्रणा ते झाकायला लागते. पुढारी अनंत नाग, मागे लागलेला पत्रकार शंकर नाग, दिग्दर्शनही त्याचंच. 1984 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा पुरस्कार होता. आमच्याकडे हा संपल्यावर दिवे लावले तर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकाने गेल्या काही वर्षांतल्या बातम्यांची यादीच म्हणायला सुरुवात केली. त्याला थांबवू नका. बघा मात्र एक : अनंत नाग ओरडत नाही. असा बाप बघून भीती वाटते ती त्याच्या हळू बोलण्याची. आणि शंकरने स्वतःला नायक म्हणून पुढे केलेलं नाही. भावाला मोठी जागा देऊन तो स्वतः बाजूला उभा राहिलाय.

या शनिवारी कुणीतरी हमखास विचारतं, तो गेला कसा? सरळ सांगा. 30 सप्टेंबर 1990. बेंगळुरूहून चित्रीकरणासाठी बागलकोटकडच्या लोकापूरला निघाला होता. दावणगेरेजवळ अनगोडू गावाच्या शिवारात गाडीला अपघात झाला. अरुंधती आणि लहान मुलगी बरोबर होत्या, त्या वाचल्या. तो पस्तिशीत गेला. सिनेमाचं नाव आणि मरण यांची जुळवाजुळव करून गूढ आवाजात बोलणारे भेटतील, त्यांना चहा द्या. आपल्यासाठी एवढंच की अनगोडू हे पुणे-बेंगळुरू हायवेवर आहे. निपाणी, बेळगाव, हुबळी करत खाली जाणारी आपली प्रत्येक गाडी दावणगेरे सोडलं की तिथून जाते. मी तिथून चारपाच वेळा गेलो असेन, माहीत नव्हतं तेव्हा.

सहावा शनिवार शेवटी ‘ओंदानोंदु कालदल्ली’. नावाचा अर्थ एके काळी. भाड्याने लढणारे योद्धे, एकमेकांवर उठलेले सरदार, आणि एकमेकांच्या शत्रूबाजूंना असलेले दोन लढवय्ये ज्यांना एकमेकांबद्दल आदर वाटायला लागतो. कुरोसावाचे सिनेमे पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल, आणि ते कार्नाडांना मान्यच होतं. संगीत आपल्या भास्कर चंदावरकरांचं. शंकर नाग झालाय गंडुगली, त्या दोन लढवय्यांतला एक. हा त्याचा पहिला सिनेमा, तेविशीतला. पहिल्या वेळी ज्या लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली तेच यावेळी हलले नाहीत, कारण आता ते एका परक्या नटाला नाही, ओळखीच्या माणसाला घोड्यावर बघत होते. ‘ऑटो राजा’वर नाक मुरडणारे आमचे एक निवृत्त प्राचार्य लढाईच्या मध्यात मोठ्यांदा म्हणाले, ‘अरे, हा तर स्टँडवरचाच की!’

पडद्यावरचं एवढं. पुढे हौस उरली तर प्रवास करा.

शिवमोग्गा जिल्ह्यात आगुंबे आहे, मालगुडीचं बरंचसं चित्रीकरण तिथलं. दोड्डमने नावाचा जुना चौसोपी वाडा बघता येतो, पण ते राहतं घर आहे, तेव्हा पाहुण्यासारखं वागा. जून ते सप्टेंबर जाऊ नका. पाऊस आपल्या आंबोलीला लाजवणारा आणि पायाला जळवा. मालगुडीचं स्टेशन झालेलं अरसाळू शिवमोग्गा-ताळगुप्पा मार्गावर आहे. जुन्या इमारतीत रेल्वेने 2020 साली मालगुडी संग्रहालय केलंय.

बेंगळुरूला गेलात तर जे. पी. नगरचं ‘रंग शंकर’ चुकवू नका. शंकर गेल्यावर अरुंधती नाग यांनी वर्षानुवर्षं पैसे जमवून 2004 साली हे नाट्यगृह उभं केलं, फक्त नाटकासाठी. सोमवार सोडून जवळजवळ रोज प्रयोग असतो. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. घंटा झाली, दार लागलं की मग कुणीही असा, आत घेत नाहीत. आपल्याकडच्या पहिल्या अंकात टॉर्च घेऊन शिरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. भाषा कळली नाही तरी बसा, पुढच्या रांगेत जागा मिळाली तर आणखी बरं. खालच्या कँटीनमध्ये मी साबुदाणा वडा खाल्ला होता, आपल्यासारखाच.

वाचायचं असेल तर अनंत नागने भावावर ‘नन्न तम्म शंकर’ हे कन्नड पुस्तक लिहिलंय. तम्म म्हणजे धाकटा भाऊ. आमच्याकडे एक आजी निघाल्या, त्यांनी शेवटच्या शनिवारी त्यातली दोन पानं मोठ्याने वाचून तिथल्या तिथे मराठी करून सांगितली. मध्येच थांबायच्या, चष्मा पुसायच्या. म्हणून सांगतो, मंडळात एक तरी कानडी आजी शोधाच, मी पहिल्या वेळी तीच शोधली नव्हती.

सहा शनिवार संपले की लोक विचारतील, आता पुढे कोण? अनंत नाग म्हणून मोकळे होऊ नका. ‘अंकुर’पासून ‘गोधि बण्ण साधारण मैकट्टु’पर्यंत चाळीस वर्षांवर पसरलेला माणूस आहे, त्याला सहा शनिवार पुरत नाहीत. मी सध्या चौदांची यादी केलीय, आणि गोदामाच्या मालकाने अजून होय म्हटलेलं नाही.